पट्टा घट्ट, सुटका झटपट

महेश्वरला आपल्यापैकी बहुतेक जण जातात ते घाट, अहिल्याबाईंचा वाडा आणि साड्यांसाठी. तिथून थोडं खाली गेलं की नर्मदा काळ्या खडकांतून असंख्य धारांनी फुटते. ती सहस्रधारा. सहस्रार्जुनाने हजार हातांनी नदी अडवली आणि ती त्या हातांमधून निसटली, ही कथा घरोघरी आजीकडून ऐकलेली असते. पण याच खडकांमध्ये फेब्रुवारी २०२३ मध्ये खेलो इंडिया युवा स्पर्धांची कॅनू स्लालम झाली, हे इंदूरच्या अनेक मराठी घरांत अजून ठाऊक नाही.

मी याच पाण्यात कॅनू चालवते. यंदा माझी जुनी नाव माझ्या चौदा वर्षांच्या आतेबहिणीकडे जाते आहे. नाव द्यायची म्हणजे किल्ली हातात ठेवून स्कूटर देण्यासारखं नसतं. आतली बैठक काढून तिच्या मापाने नवी बसवावी लागते. हे काम आम्ही दोघींनी मिळून केलं, त्याबद्दल हा लेख. आपल्याकडची आणखी मुलं या खेळाकडे वळतील तेव्हा त्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना उपयोगी पडेल.

आधी खेळ समजून घेऊ. वाहत्या पाण्यावर दोरीने खांब टांगून दारं केलेली असतात, जास्तीत जास्त २५. काही दारांतून प्रवाहाबरोबर जायचं, निदान ६ दारांतून प्रवाहाविरुद्ध. खांबाला स्पर्श झाला की २ सेकंद दंड, दार चुकलं की ५० सेकंद. कयाकमध्ये पाय पुढे पसरून बसतात आणि वल्ह्याला दोन्ही टोकांना पातं असतं. कॅनूमध्ये गुडघे टेकून बसायचं आणि वल्ह्याला पातं एकच. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला, पण मुलींना कॅनू मिळाली थेट टोकियोत, २०२१ मध्ये. ते पहिलं सुवर्ण ऑस्ट्रेलियाच्या जेसिका फॉक्सने जिंकलं.

गुडघे टेकायचे कशासाठी? उंचीमुळे वल्हं लांब पोचतं आणि दोन्ही बाजूंना नेता येतं, हे एक. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. मोठ्या खडकाच्या मागे पाणी उलटं, म्हणजे वरच्या दिशेने फिरत असतं. त्या शांत पट्ट्यातून मुख्य धारेत शिरताना प्रवाहाकडची कड उचलावी लागते. ती उचलली नाही तर पाणी कडेवर चढतं आणि नाव क्षणात पालथी होते. कड उचलायची ती गुडघ्याने. पण गुडघा नुसता टेकलेला असेल तर तो एकटाच वर येतो, नाव खालीच राहते. म्हणून मांडीवर पट्टा लागतो. नाव उलटली तरी तिला परत सरळ करायचं कामही हाच पट्टा आणि गुडघे करतात.

आत्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "पाय बांधून पाण्यात उतरायचं? आणि उलटली तर?" चार वर्षांपूर्वी माझ्या आईनेही हेच विचारलं होतं. प्रश्न अगदी बरोबर आहे. आंतरराष्ट्रीय नियमही तेच सांगतो: खेळाडूला कोणत्याही क्षणी नावेतून ताबडतोब सुटता आलं पाहिजे. म्हणून आम्ही प्रत्येक वस्तू बसवताना दोन प्रश्न विचारले. धरते का? आणि सोडते का?

सुरुवात बैठकीपासून. ही घोड्याच्या खोगिरासारखी असते. मधोमध फोमचा ठोकळा, दोन्ही बाजूंना पाय. आडव्या फळीखाली पावलं अडकण्याची भीती असते, ती इथे नाही. ठोकळा उंच असेल तर घोट्यांना आराम मिळतो, पण नाव डुलते. बुटका असेल तर नाव स्थिर राहते, पण पावलं दुखतात. माझी बैठक १६ सेंटीमीटरची होती. बहिणीसाठी आम्ही १९ ची कापली, तिला त्यावर बसवलं आणि थोडी थोडी तासत १७ वर आणली. तासणं सोपं असतं, परत चढवणं कठीण.

फोम कुठला घ्यायचा, हे नीट ऐका. सोफ्याचा फोम पाणी पितो आणि एका फेरीत चिंब होतो. चपलांच्या तळव्यांसाठी वापरतात ती घट्ट ईव्हीए शीट चालते, ती पाणी धरत नाही. थर एकावर एक चिकटवून ठोकळा करायचा. थर्मोकोल अजिबात नको, चपलेच्या सोल्यूशनने तो विरघळतो.

चिकटवण्याची पद्धत चांभारकामातलीच. दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने खरवडायचे, धूळ पुसायची, दोन्हीकडे सोल्यूशनचा पातळ हात द्यायचा आणि बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं. मगच दाबून बसवायचं, कारण एकदा टेकलं की सरकवता येत नाही. आधी पेन्सिलने खुणा करा. काम गच्चीवर किंवा अंगणात करा, त्या वासाने डोकं गरगरतं. आमची नाव फायबरची आहे, तिला फोम छान धरतो. प्लॅस्टिकच्या नावेला सोल्यूशन नीट चिकटत नाही, तिथे बोल्टचा आधार घ्यावा लागतो.

आता गुडघे. बैठक आणि दोन गुडघे मिळून चुलीचे तीन दगड होतात. गुडघे जितके दूर, तितका पाया भक्कम. बहिणीला डोळे मिटून आरामात बसायला सांगितलं आणि गुडघे जिथे आपोआप टेकले तिथे खुणा केल्या. तिथे तीन सेंटीमीटर जाड फोम, मध्ये गुडघ्याच्या आकाराचा खळगा आणि बाहेरच्या बाजूला छोटी भिंत, म्हणजे ओल्या फोमवरून गुडघा घसरत नाही.

पट्टा मांडीच्या साधारण मध्यावर यायला हवा. कमरेजवळ गेला की पकड ढिली होते, गुडघ्याजवळ गेला की पाय बाहेर काढताना अडतो. पायाच्या बोटांमागे फोमचे छोटे ठोकळे लावले. बोटांनी त्यांना रेटलं की मांड्या पुढे सरकून पट्ट्याखाली घट्ट बसतात. रेटणं थांबवलं की पट्टा सैल पडतो. या सगळ्या बांधणीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच. घट्टपणा बकलापेक्षा आपल्या पायांत जास्त असतो आणि आपण ठरवलं की तो जातो.

तरीही बकल झटक्यात सुटणारंच हवं आणि दोन्ही हातांना पोचणारं. पट्ट्याचं उरलेलं टोक लोंबकळू द्यायचं नाही, ते पायात गुंतू शकतं. गाठ तर कधीच मारायची नाही. ओली गाठ कोरड्या जमिनीवरही सुटत नाही, पाण्याखाली काय सुटणार? बूट पातळ तळव्याचे घालायचे, जाड टाचेचे नकोत.

नाव अशी तयार झाल्यावर आत्याच्या अंगणात परीक्षा घेतली. कॅनूच्या तोंडावर पाणी आत येऊ नये म्हणून कमरेला बांधायचा स्प्रे-डेक असतो, त्याची ओढायची कडी नेहमी बाहेर दिसली पाहिजे. क्रम असा: कडी ओढ, बकल सोड, दोन्ही हात कडेवर ठेव, पुढे वाक आणि गुडघे मागे घे. बहिणीने तो आधी डोळे उघडे ठेवून केला, मग मिटून, मग फक्त डाव्या हाताने. आत्या मोबाइलवर सेकंद मोजत उभी होती. पहिल्यांदा अकरा लागले, दहाव्या वेळी चार. "अजून एकदा," असं आत्याच म्हणाली.

पुढची पायरी शांत पाणी. कमरेइतकं खोल, प्रशिक्षक शेजारी उभे, हेल्मेट आणि लाइफ जॅकेट अंगात. नाव मुद्दाम उलटवायची आणि बाहेर यायचं. हे दहा वेळा विनासायास जमेपर्यंत सहस्रधारेचं नाव काढायचं नाही. तिथेही एकटीने कधी उतरायचं नाही. वरच्या धरणांतून सोडलेल्या पाण्याबरोबर धारेचा जोर बदलतो, कालची वाट आज तशीच असेल याची खात्री नसते.

घोट्यांचं दुखणं मात्र राहतंच. पावलांखाली फोमची सुरळी ठेवली तर बरं वाटतं. घरी रोज थोडा वेळ वज्रासन केलं की शरीर सरावतं. आपल्या आजीआजोबांना पाटावर बसायची सवय होती, आपल्याला खुर्चीची झाली आहे. पाय बधिर झाले की काठावर यायचं, कारण बधिर पायांना बाहेर निघण्याचा क्रम आठवत नाही.

बहीण वाढीच्या वयात आहे. सहा महिन्यांनी हे माप तिला लहान होईल आणि बैठक पुन्हा उचकटावी लागेल. म्हणून उरलेली शीट, पॉलिश पेपर आणि सोल्यूशनचा डबा तिच्याच घरी ठेवला आहे. कुणाची वापरलेली नाव मिळाली तर तुम्हीही आधी आत हात घालून पाहा. ती बांधणी दुसऱ्याच्या शरीराची असते. बकल स्वतः दहा वेळा सोडून बघा आणि मगच वल्हं हातात घ्या.