बॉस, हे झुंबर कुणी लावलं?

मे महिन्यात पारा चढला की आपण काय करतो? पडदे ओढतो, एसी अठरावर आणतो आणि ऑफिसमधून बाहेर पडायचं टाळतो. नेमक्या त्याच दिवसांत एक झाड मात्र फुल्ल पार्टी मूडमध्ये असतं. बहुतेक पानं टाकून देतं आणि अंगभर पिवळीधमक झुंबरं लटकवून उभं राहतं. बहावा! हिंदीतला अमलतास, संस्कृतातला आरग्वध. केरळचं हे राज्यफूल, विशूच्या सणाचा तर मानकरीच. थायलंडने त्याला चक्क राष्ट्रीय फूल केलंय.

शहरात आपल्याला तो दिसतो तो एखाद्या जुन्या कॉलनीत, नाहीतर दुभाजकावर. त्यामुळे गुलमोहरासारखाच तोही कुठून तरी आणलेला, असं अनेकांना वाटतं. गुलमोहर आला मादागास्करहून, हे खरं. बहावा मात्र अस्सल इथला. पुरावा हवा असेल तर गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडकडे बघा. तिथल्या पानगळीच्या जंगलात साग, मोह, तेंदू यांच्या सोबतीने बहावा वाढतो. खड्डा कुणी खणला नाही, खत कुणी घातलं नाही.

मग लावतो कोण? अस्वल! बहाव्याच्या लांबलचक काळ्या शेंगेत चिकट, गोडसर गर असतो आणि अस्वलाला तो भलताच आवडतो. बियांचं कवच इतकं टणक, की नुसती मातीत टाकली तर बी महिनोन्‌महिने ढिम्म पडून राहते. अस्वल, कोल्हा, माकड शेंगा खातात आणि बी लांबवर जाऊन पडते. डिलिव्हरी फ्री!

पण या माळ्यांचं घरच आता चर्चेत आहे. सूरजागडच्या डोंगरात लोहखनिज आहे. २००७ साली इथल्या सुमारे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा दिला गेला. माडिया गोंडांसाठी हाच डोंगर ठाकूरदेवाचा, दर जानेवारीत इथे यात्रा भरते. रोजगार की जंगल, हा वाद तिथे वर्षानुवर्षं चालू आहे. २०२५ मध्ये इथल्या लोहखनिज प्रक्रिया प्रकल्पासाठी नऊशेहून जास्त हेक्टर वनजमिनीचा प्रस्ताव केंद्राकडून पुढे सरकला. त्यात तोडायच्या झाडांचा आकडा लाखाच्या वर आहे. बदल्यात दुसरीकडे रोपं लागतीलही. पण रोपांच्या रांगा म्हणजे जंगल नव्हे. त्यात अस्वल कुठून आणणार?

सोसायटीत एक बहावा लावला म्हणून सूरजागड वाचणार नाही, हे उघड आहे. तरीही लावा. ज्या झाडाची सावली रोज अंगावर पडते, त्याच्या माहेरची बातमी आपण पान उलटून सोडून देत नाही.

असा लावा बहावा

बी : जंगलात जायची गरज नाही. शहरातल्याच झाडाखाली पडलेली वाळकी शेंग उचला. आत खणाखणांत चपट्या, तपकिरी बिया मिळतील.

अस्वलाचं काम तुमचं : बीची एक कड सँडपेपरवर घासा किंवा नेलकटरने किंचित टोका. मग रात्रभर कोमट पाण्यात ठेवा. सकाळी फुगलेल्या बिया पेरा. साधारण एक ते तीन आठवड्यांत कोंब दिसतो.

पिशवी : उंच घ्या. सोटमूळ लवकर खाली धावतं; तळाशी गुंडाळलं गेलं की झाड पुढे रडतं. बाल्कनीतल्या कुंडीत कायमचा ठेवायचा विचार सोडा, तो तिथला गडी नाही.

जागा : भरपूर ऊन, पाण्याचा निचरा आणि भिंतीपासून चार-पाच मीटर अंतर. पहिल्या पावसात लावा. रस्त्याकडेला लावायचं असेल तर महापालिकेच्या उद्यान विभागाला आधी विचारा.

पाणी : पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एक-दोनदा खोलवर पाणी द्या. पुढे तो आपला आपण निभावतो. मुळाशी पाणी साचू देऊ नका.

अळ्या दिसल्या तर : स्प्रे उचलू नका! पिवळसर-पांढऱ्या फुलपाखरांची ती पिल्लं आहेत. पानं पुन्हा फुटतात.

सावधान : शेंगेतला गर जोरदार रेचक आहे. आयुर्वेदात त्याचा उपयोग होतो, पण घरी प्रयोग नको. लहान मुलांना शेंगांपासून लांब ठेवा.

आणि हो, पेशन्स हवा. बीपासून लावलेल्या झाडाला फुलं यायला पाच-सात वर्षं सहज लागतात. तोवर दर उन्हाळ्यात पानं गळली की सोसायटीत कुणीतरी म्हणेलच, "मेलं वाटतं, काढून टाका." त्या मीटिंगला न चुकता हजर राहा.