शिडाची नौका आणि पडद्यावरचा नकाशा

२९ नोव्हेंबर २०१४ रोजीं, नुकताच काळोख पडला असतां, केप टाउनहून अबूधाबीकडे निघालेली एक शिडाची नौका हिंदी महासागरांत कार्गादोस काराजोस नांवाच्या प्रवाळखडकावर आदळली. व्होल्व्हो ओशन रेस या जगप्रदक्षिणेच्या शर्यतींतील ही घटना. नौकेवरील नऊही माणसें सुखरूप सुटलीं. नौकेच्या मागील भागाचा मात्र चुराडा झाला. मॉरिशसच्या ईशान्येस असलेला हा खडक कांहीं नवा नव्हे. दर्यावर्दी लोकांस तो शतकानुशतकें ठाऊक आहे. नौकेवरील संगणकाच्या नकाशांतही तो होता. पण महासागराचा मोठा भाग एका दृष्टिक्षेपांत यावा एवढ्या लहान प्रमाणावर नकाशा पाहिला असतां खडकाच्या जागीं ४० मीटर खोलीचे आंकडे दिसत. नकाशा मोठा केल्यावांचून ती प्रवाळरांग दृष्टीस पडत नव्हती, आणि तसें पाहण्याचें राहून गेलें.

हौसेनें दूरच्या सफरीस निघणाऱ्या कुटुंबानें आपल्या नौकेसाठीं नकाशाचें सॉफ्टवेअर निवडतांना येथूनच आरंभ करावा. मोठ्या व्यापारी जहाजांवर कोणतें यंत्र असावें हें आंतरराष्ट्रीय नियमांनीं ठरविलें आहे. खासगी नौकेवर तें बंधन नाहीं, आणि म्हणूनच निवडीची सारी जोखीम मालकाच्या शिरावर येते. दुकानांत पडदा नेहमींच सुंदर दिसतो. दुकान डुलत नाहीं.

असे नकाशे दोन जातींचे. पहिल्या जातीचा नकाशा म्हणजे कागदी नकाशाची हुबेहूब तसबीर. ती लहान केली तर अक्षरें बारीक होतात, पण काढणाऱ्यानें जो खडक काढला तो तेथेंच राहतो. दुसऱ्या जातींत चित्र असें नसतेंच. असते ती नोंदींची वही. येथें खडक, येथें दीपगृह, येथें १२ मीटर पाणी, अशा नोंदी वाचून सॉफ्टवेअर क्षणोक्षणीं नवें चित्र रेखाटतें. आपल्या नौकेस उथळ असलेलें पाणी निराळ्या रंगांत दाखविण्याची सोय या जातीमुळेंच लाभते. परंतु पडद्यावर गर्दी होऊं नये म्हणून लहान प्रमाणावर कित्येक नोंदी गाळाव्या लागतात. त्या कोणत्या, हें कांहीं अंशीं नकाशा करणारा व कांहीं अंशीं सॉफ्टवेअर ठरवितें. खडक दिसेनासा होतो तो याच वाटेनें.

म्हणून आधीं नकाशा, मग सॉफ्टवेअर. नेव्हिऑनिक्ससारखें सॉफ्टवेअर टॅब्लेटवर चालतें, वर्षाची वर्गणी भरली कीं नकाशे हातीं येतात, आणि शिकावयासही सोपें. पण तेथें नकाशा व सॉफ्टवेअर एकाच दुकानचीं. दुसऱ्याचा नकाशा त्यांत घालतां येत नाहीं. उलट ओपन-सीपीएन हें स्वयंसेवकांनीं घडविलेलें विनामूल्य सॉफ्टवेअर दोन्ही जातींचे नकाशे उघडतें. अमेरिकेची नोआ ही सरकारी संस्था आपल्या किनाऱ्याचे दुसऱ्या जातीचे नकाशे मोफत देते. तेही त्यांत चालतात. नकाशाच्या मूळ प्रमाणापलीकडे चित्र ताणलें तर तें तशी सूचनाही देतें. शिकतांना डोकें जरा शिणतें, एवढें खरें.

फिजी, टोंगा यांसारख्या बेटांच्या आसपास हा भेद जीवावरचा ठरतो. तेथील कित्येक नकाशांचा पाया एकोणिसाव्या शतकांत शिशाचें वजन दोरीनें सोडून केलेल्या मोजणीचा आहे. उपग्रहांच्या साहाय्यानें नौकेचें स्थान कांहीं मीटरांपर्यंत अचूक कळतें. खडक मात्र कधीं कधीं नकाशावर शेंकडों मीटर सरकलेला असतो. तेथें हिंडणारे अनुभवी नाविक उपग्रहांनीं टिपलेलीं छायाचित्रें नकाशाप्रमाणें बसवून ओपन-सीपीएनमध्यें उघडतात व प्रवाळाची खरी कड पाहून घेतात. सरकारी नकाशांत मोजणीच्या विश्वसनीयतेची वर्गवारीही नोंदलेली असते. ती दाखवीत नाहीं असें सॉफ्टवेअर दिसण्यांत कितीही देखणें असलें तरी अशा पाण्यांत अपुरें होय.

घेण्यापूर्वीं एक परीक्षा अवश्य करावी. त्याच कार्गादोस काराजोसवरून एक मार्ग आंखावा, पडद्यावर केप टाउनपासून अबूधाबीपर्यंतचा समुद्र आणावा, आणि मग हळूहळू नकाशा मोठा करीत खडक कोणत्या प्रमाणावर प्रथम दिसतो तें टिपून ठेवावें. यापुढें प्रत्येक मार्ग त्या प्रमाणावर, किंवा त्याहून मोठ्यावर, आरंभापासून शेवटपर्यंत तपासावयाचा.

विजेचा हिशेबही आहेच. संगणक टॅब्लेटपेक्षां बॅटरी लवकर रिकामी करतो. टॅब्लेट उन्हांत तापून बंद पडतो, आणि ओल्या बोटांस पडदा दाद देत नाहीं. म्हणून पुष्कळ नौकांवर दोन्ही ठेवतात, आणि शक्य तर दोहोंत निरनिराळ्या ठिकाणचे नकाशे. आकाशांत विजा चमकूं लागल्या कीं त्यांतील एक यंत्र बंद करून नौकेच्या स्वयंपाकघरांतील धातूच्या भट्टींत ठेवण्याची त्या लोकांत चाल आहे. मात्र भट्टी पेटविण्यापूर्वीं तें बाहेर काढण्याची आठवण कोणी तरी ठेवावी लागते.