सरळ रेषेचं सुकाणू मागे असतं

ठाण्यातल्या माजिवड्याहून भिवंडीच्या दिशेने नाशिक महामार्गाला लागलात की पुढे चाललेल्या ट्रककडे नीट बघा. एखादा असा भेटतोच, की ज्याचं तोंड एकीकडे आणि चाल दुसरीकडे! केबिन एका रेषेत, मागचा हौदा हातभर बाजूला, आणि ट्रक खेकड्यासारखा तिरका धावतोय. रस्ता वाकडा नाही, ड्रायव्हरही शुद्धीवर आहे. मग झालंय काय? बहुतेक वेळा एवढंच, की मागचा ॲक्सल चेसिसशी काटकोनात राहिलेला नाही.

माल वाहणाऱ्या ट्रकला हे कसंबसं चालून जातं. पण हाच दोष घरी बांधलेल्या ड्रॅग रेसच्या गाडीत असला तर?

ड्रॅग रेस म्हणजे वेगाची सगळ्यात साधी शर्यत. दोन गाड्या शेजारी उभ्या, समोर पाव मैल म्हणजे ४०२ मीटरची सरळ पट्टी, दिवा हिरवा झाला की सुटायचं. अमेरिकेत १९५१ साली या खेळाची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. आपल्याकडे लोणावळ्यापलीकडे ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’मध्ये अशा गाड्या धावल्या आहेत. वळण नाही, चढ नाही. सरळच तर जायचंय, त्यात काय एवढं?

इथेच खरी गंमत सुरू होते. जोरात सुटणाऱ्या गाडीचा भार मागच्या चाकांवर जातो. पुढची चाकं हलकी होतात. ताकदवान गाडीत तर ती चक्क जमीन सोडतात. आता सांगा, हवेत असलेल्या चाकांचं स्टिअरिंग फिरवून उपयोग काय? त्या क्षणी गाडी कुठे जाणार हे ढकलणारी मागची चाकं ठरवतात, आणि त्यांची दिशा ठरते ॲक्सलच्या काटकोनावर.

आजच्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांनी ओढल्या जातात. नव्वदच्या दशकात डोंबिवलीजवळ, कल्याण-शीळ रस्त्यावरच्या प्रीमियरच्या कारखान्यात बनलेली प्यूजो ३०९ तशीच होती. पण त्याच प्रीमियरची कुर्ल्यात घडलेली पद्मिनी मागून ढकलली जायची. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग ॲक्सल, खाली कमानपाटे. म्हणून हिशेबाला तीच घेऊ.

पद्मिनीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २३४० मिलिमीटर. मागच्या दोन चाकांमधलं साधारण १२००. समजा, ॲक्सलचं एक टोक दुसऱ्यापेक्षा फक्त ३ मिलिमीटर पुढे आहे. एकावर एक ठेवलेल्या दोन नाण्यांच्या जाडीएवढं. कोनात मोजलं तर एका अंशाचा सातवा हिस्सा. स्टिअरिंग अगदी सरळ धरून ठेवलं, तर ४०२ मीटरनंतर गाडी किती बाजूला गेलेली असेल?

तिरकी रेषा समजून गणित केलं तर उत्तर येतं एक मीटर. पण गाडी तिरक्या रेषेत जातच नाही! पुढची चाकं एका दिशेला आणि मागची किंचित दुसऱ्या, म्हणून ती प्रत्येक मीटरला थोडी थोडी वळत राहते. वळणावर वळण साचत जातं आणि पट्टीच्या शेवटी गाडीचं तोंड जवळजवळ २५ अंशांनी फिरलेलं असतं. ती बाजूला गेलेली असते सुमारे ८५ मीटर. सुरुवात कशाने झाली? तीन मिलिमीटरने!

ड्रायव्हर अर्थातच तोवर थांबत नाही. तो स्टिअरिंग तेवढंच दाबून धरतो आणि गाडी त्या ट्रकसारखी तिरकी पण सरळ पळते. पण पुढची चाकं हलकी झाली असताना दाबणार काय?

म्हणून काटकोन आधीच साधायचा. त्यासाठी लागतं ते सगळं हार्डवेअरच्या दुकानात मिळतं: ओळंबा, नायलॉनची दोरी, खडू, मोजपट्टी. गाडी सपाट जमिनीवर, टायरची हवा सारखी आणि ड्रायव्हरच्या जागी त्याच्या वजनाएवढा भार, कारण बसल्यावर गाडी दबते आणि मापं बदलतात. चेसिसच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन डाव्या-उजव्या जोड्यांच्या भोकांतून ओळंबे सोडायचे, जमिनीवर खुणा करायच्या. आधी दोन्ही कर्ण मोजायचे. ते सारखे भरले तर चेसिस सरळ. जोत्याची आखणी करताना गवंडीही हीच खातरजमा करतो. मग खुणांचे मध्य जोडले की गाडीची मध्यरेषा जमिनीवर उमटते.

आता ॲक्सलचा मध्य या रेषेवर आहे ना, हे पाहायचं आणि रेषेवरच्या पुढच्या एका बिंदूपासून ॲक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंत मोजायचं. अंतरं सारखी आली? मग ॲक्सल काटकोनातच असणार! शाळेतला समद्विभुज त्रिकोण इथे शेकडो अश्वशक्तीला वाट दाखवतो.

पण थांबा, खुद्द ॲक्सल तरी सरळ आहे का? घरी गाडी बांधणारा ॲक्सलच्या नळीवर ब्रॅकेट वेल्ड करतो. वेल्डचा धातू थंड होताना आकसतो आणि ती जाडजूड पोलादी नळी स्वतःकडे ओढून वाकवतो. डोळ्यांना काही दिसत नाही, पण दोन्ही चाकं किंचित फेंगडी होतात. यावरचा उपायही तितकाच थक्क करणारा: नळीची विरुद्ध बाजू तापवायची आणि थंड होऊ द्यायची. ज्या आकसण्याने नळी वाकली, तेच आकसणं तिला सरळ करतं.

एवढं जमलं तरी ते उभ्या गाडीचं. गाडी सुटते तेव्हा चाकं जमिनीला मागे रेटतात आणि त्याच जोराने ॲक्सल स्वतः उलटा फिरू पाहतो. इंजिनाची ताकद मागे आणणारा प्रोपेलर शाफ्ट जिथे जोडलेला असतो, ते त्याचं नाक वर उचललं जातं. शाफ्टच्या टोकांना असलेले क्रॉस, म्हणजे वळते सांधे, कोनात चालले की प्रत्येक फेऱ्यात शाफ्टची गती दोनदा वाढते आणि दोनदा घटते. मात्र दोन्ही टोकांचे कोन नेमके जुळले, तर पुढच्या क्रॉसने बिघडवलेली गती मागचा क्रॉस पुन्हा सुधारतो! म्हणून जाणकार ॲक्सलचं नाक मुद्दाम एक-दोन अंश खाली ठेवतात. उभ्या गाडीत ते चुकीचं असतं आणि भर जोरात बरोबर होतं.

त्याच वेळी शाफ्टचा पीळ ॲक्सलला आडवाही कलंडवू बघतो. बहुतेक इंजिनांच्या फिरण्याच्या दिशेमुळे मागचं उजवं चाक हलकं होतं आणि तेच आधी घसरतं. म्हणून त्या चाकावर आधीच थोडा जास्त दाब बसवतात.

हे सगळं जुळवायचं कशाने? अशा गाड्यांत कमानपाट्यांऐवजी बऱ्याचदा चार दांडे ॲक्सलला धरून ठेवतात. दांड्याच्या एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे. दांडा न काढता नुसता फिरवला की त्याची लांबी बदलते. दीड मिलिमीटरचे आटे असतील तर एका पूर्ण फेऱ्यात ३ मिलिमीटर! ज्या फरकाने गाडी ८५ मीटर भरकटू शकते, तो पान्याच्या एका फेऱ्यात येतो किंवा जातो. आणि आपण बरोबर फिरवलं का, हे वाहतुकीला बंद असलेल्या पट्टीवर पहिल्याच सुटण्यात डांबर सांगतं. मागे उमटलेले रबराचे दोन पट्टे सारखे काळे, समांतर आणि गाडीच्या नाकाच्या रेषेत असले तर पाना खाली ठेवायचा. एक पट्टा फिका किंवा तिरका दिसला, तर पाव फेरा फिरवायचा आणि पुन्हा दोरी ताणायची.