भूविज्ञान : पदवीवर थांबू नका

बारावीनंतर इंजिनिअरिंग की मेडिकल, एवढीच चर्चा आपल्या घरांत होते. आज आम्ही आणखी एक वाट सांगतो : भूविज्ञान.

आपले इंदूर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर वसले आहे. या काळ्या कातळाच्या भेगांत पाणी साठते. म्हणून एका बोअरला पाणी लागते, शेजारचा कोरडा जातो. असे का होते, हे भूविज्ञान शिकवते.

१८९१ साली स्थापन झालेल्या आपल्या होळकर महाविद्यालयात बी.एस्सी.ला हा विषय घेता येतो. खडक, खनिजे, जीवाश्म, नकाशे यांचा पाया तिथे तयार होतो. पण भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात भूवैज्ञानिक व्हायचे, तर यूपीएससीच्या परीक्षेला पदव्युत्तर पदवीची अट आहे. एम.एस्सी.साठी उज्जैन आणि सागरची विद्यापीठे जवळ आहेत. आयआयटीसाठी ‘जॅम’ ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. संशोधनाची आवड असल्यास पुढे पीएच.डी.

म्हणून पालकांनी प्रवेशाच्या वेळीच पाच वर्षांचा हिशेब मांडावा. डोंगर-नद्यांत जाऊन केलेल्या अभ्यासाशिवाय हा विषय येत नाही. त्या शिबिरांना मुलींनाही निःशंकपणे पाठवावे, ही आमची विनंती.