शस्त्रक्रियेतील प्रतिजैविके : एका मात्रेचे अर्थकारण

दक्षिण चेन्नईतील पेरुंगुडी आणि तरमणी हा परिसर माहिती तंत्रज्ञान उद्योगासाठी ओळखला जातो. प्रतिजैविक-प्रतिरोधाच्या इतिहासातही त्याची नोंद आहे. पेरुंगुडीलगतच्या तरमणी येथे मद्रास विद्यापीठाची मूलभूत वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. तेथील संशोधक कार्तिकेयन कुमारसामी व त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध २०१० च्या ऑगस्टमध्ये ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कार्बापेनेम गटातील, म्हणजे अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेल्या औषधांनाही निष्प्रभ करणारे एनडीएम-१ हे विकर चेन्नईतून मिळालेल्या ४४ आणि हरियाणातील २६ जिवाणू-नमुन्यांत आढळले होते. विकराच्या नावातील ‘नवी दिल्ली’वरून त्या वेळी मोठा वाद झाला आणि मूळ प्रश्न काही काळ त्याआड झाकला गेला.

तो प्रश्न प्रतिजैविकांच्या अनावश्यक वापराचा आहे, आणि या वापराचा मोठा वाटा रुग्णालयात, शस्त्रक्रियेच्या निमित्ताने होतो. येथे एक भेद लक्षात घ्यावा लागतो. झालेल्या संसर्गावर दिलेले औषध हा उपचार होय. संसर्ग होऊ नये म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी दिलेली मात्रा प्रतिबंधात्मक असते. त्वचेला छेद घेतला जातो त्या क्षणी ऊतींमध्ये औषधाचे पुरेसे प्रमाण असावे, एवढाच तिचा हेतू. म्हणून वेळ निर्णायक ठरते. अमेरिकेतील यूटा राज्यात २,८४७ रुग्णांच्या अभ्यासात (१९९२) छेदापूर्वीच्या दोन तासांत मात्रा मिळालेल्यांपैकी ०.६ टक्के रुग्णांना जखमेचा संसर्ग झाला. छेदानंतर तीन तासांहून अधिक उशिरा औषध मिळालेल्यांत हे प्रमाण ३.३ टक्के होते. दोन तासांहून अधिक आधी दिलेल्यांत तर ३.८ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मात्रा छेदापूर्वी १२० मिनिटांच्या आत, औषधाचा शरीरातील टिकाव पाहून द्यावी आणि शस्त्रक्रिया संपल्यावर लांबवू नये. निचऱ्याची नळी ठेवली आहे, हेही ती लांबवण्याचे कारण ठरत नाही.

व्यवहार वेगळा आहे. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने २०२१-२२ मध्ये २० मोठ्या रुग्णालयांची पाहणी केली. तीत ७१.९ टक्के रुग्णांना प्रतिजैविके दिली जात असल्याचे दिसले, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक, ५५ टक्के, वापर प्रतिबंधात्मक होता.

वैद्यकीय पुरावा स्पष्ट असताना असे का घडते? अर्थशास्त्राच्या परिभाषेत हे नकारात्मक बाह्यतेचे उदाहरण आहे. जखम चिघळली तर दोष शल्यविशारदावर येतो. पाच दिवस जादा औषध दिल्याने दोष कोणावरच येत नाही. जादा मात्रा डॉक्टरला विम्यासारखी वाटते. त्या विम्याचा हप्ता मात्र पुढे केव्हातरी प्रतिरोधी जिवाणूंचा संसर्ग होणारा अनोळखी रुग्ण भरतो. प्रतिजैविकांची परिणामकारकता ही सामायिक गायरानासारखी असते : प्रत्येकाने थोडे अधिक चारले तर कुरण उजाड होते. त्यात भर म्हणजे, औषधविक्री हा अनेक खासगी रुग्णालयांच्या उत्पन्नाचा भाग असल्याने मात्रा कमी करण्यात त्यांना आर्थिक लाभ नाही. निर्जंतुकीकरण आणि हात धुण्याची शिस्त जेथे सैल असते, तेथे औषधाने ती उणीव भरून काढण्याचा मोहही होतो. हा मोह समजण्यासारखा असला तरी फसवा आहे.

धोरणात्मक प्रतिसादाचा एक टप्पा पुन्हा चेन्नईतच घडला. २४ ऑगस्ट २०१२ रोजी देशातील विविध वैद्यकीय संघटनांच्या संयुक्त बैठकीतून ‘चेन्नई जाहीरनामा’ पुढे आला, डॉ. अब्दुल गफूर त्याचे समन्वयक होते. आदर्श पण अमलात न येणाऱ्या धोरणापेक्षा टप्प्याटप्प्याने राबवता येईल असे धोरण हवे, ही त्याची भूमिका. डॉक्टरांच्या चिठ्ठीविना होणारी विक्री आणि रुग्णालयांतर्गत वापर या दोन्हींवर देखरेख त्याने सुचवली. पुढे औषध नियमांत अनुसूची एच-१ समाविष्ट झाली आणि १ मार्च २०१४ पासून लागू झाली. तीत प्रारंभी ४६ औषधे होती. विक्रेत्याने डॉक्टर, रुग्ण व औषधाची नोंद तीन वर्षे जपणे बंधनकारक झाले. पहिला राष्ट्रीय कृती आराखडा २०१७ मध्ये आला, तर २०२५-२९ या काळासाठीचा दुसरा नोव्हेंबर २०२५ मध्ये.

तरीही एक मर्यादा राहते. सातव्या परिशिष्टानुसार औषधे समवर्ती सूचीत, तर सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये राज्यसूचीत येतात. एच-१ ची नोंदवही दुकानातील विक्रीची असते. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी इंजेक्शन चालू ठेवायचे का, हे वॉर्डातील केसपेपरवर ठरते. तेथे साधे उपाय अधिक उपयोगी पडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या शस्त्रक्रिया सुरक्षा तपासणी-सूचीत, गेल्या ६० मिनिटांत प्रतिजैविक दिले का, हा प्रश्न छेदापूर्वी मोठ्याने विचारला जातो. मात्रा देण्याची जबाबदारी भूलतज्ज्ञाकडे सोपवणे, चोवीस तासांनंतर नवी लेखी सूचना नसल्यास औषध आपोआप थांबणे आणि प्रत्येक विभागाला त्याच्या जखम-संसर्गाचे आकडे दरमहा दाखवणे यांसाठी महागडी यंत्रसामग्री लागत नाही. आकडे मात्र मोजावे लागतात, आणि लहान रुग्णालयांत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञच नसल्याने नेमके तेच काम अडते.