टीडीएस मीटरला न दिसणारे विष

अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या दक्षिणेला, पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलेला आहे. तिथल्या बोअरच्या पाण्यात टीडीएस मीटर बुडवला की आकडा चढतो आणि पाणी ‘विषारी’ ठरते. आकडा उतरला की ते निर्धोक ठरते. दोन्ही समज चुकीचे आहेत. हा मीटर पाण्याची वीजवाहकता मोजतो आणि तिच्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. बहुतेक कीटकनाशकांचे रेणू विद्युतभारित नसतात, शिवाय पाण्यात ते लिटरला काही मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागांत सापडतात. मीटरला ते दिसतच नाहीत.

विद्युतरासायनिक सेन्सरची रीत वेगळी आहे. ती प्रयोगशाळेबाहेर आलेलीच नाही, असे मानले जाते. पण मधुमेहींच्या घरातली ग्लुकोमीटरची पट्टी याच तत्त्वावर चालते. ऑरगॅनोफॉस्फरस कीटकनाशकांसाठी पट्टीवर ॲसिटिलकोलीनएस्टरेज हे एन्झाइम बसवतात. ते ॲसिटिलथायोकोलीनचे विघटन करते, त्यातून निघालेल्या थायोकोलीनचे विद्युतअग्रावर ऑक्सिडीकरण होते आणि वीज वाहते. नमुन्यात विष असेल तर एन्झाइम बंद पडते, वीज घटते. जितकी घट, तितके विष. माणसाच्या मज्जासंस्थेतही ही विषे याच एन्झाइमवर घाला घालतात. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. अशा रुग्णांच्या रक्तातही कोलीनएस्टरेजच तपासतात.

अशा काही सेन्सरना जोडलेला ‘नॅनो’ हा शब्द म्हणजे पाण्यात आणखी काही मिसळणे नव्हे. सोन्याचे अतिसूक्ष्म कण, कार्बन नलिका किंवा ग्राफीन विद्युतअग्रावर पक्के बसवलेले असतात. त्यांच्यामुळे पृष्ठभाग वाढतो, इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण सुलभ होते आणि क्षीण संकेतही पकडता येतो. विष ओळखण्याचे काम मात्र एन्झाइमचेच.

त्यामुळे एकच पट्टी सगळी विषे ओळखते, ही समजूतही टिकत नाही. वरची पट्टी मोनोक्रोटोफॉसला दाद देते. इमिडाक्लोप्रिडला नाही, कारण ते या एन्झाइमला हातच लावत नाही. क्लोरपायरीफॉस मूळ रूपात एन्झाइमला फारसे रोखत नाही, म्हणून आधी त्याचे ऑक्सिडीकरण करावे लागते. शिसे, कॅडमियम यांसाठी तर रीतच निराळी: धातू आधी विद्युतअग्रावर साचवायचा, मग विद्युतदाब बदलून सोडवायचा. प्रत्येक धातू आपापल्या दाबाला सुटतो, त्यावरून तो ओळखू येतो.

सेन्सर पानाला टेकवला की कीटकनाशकाचा अवशेष कळतो, हा समज पानमळ्यांच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात विशेष फसवा आहे. विड्याचे पान कच्चेच खातात, तेव्हा तपासणीची गरज खरी. पण अवशेष आधी द्रावकात उतरवावा लागतो. पानातली युजेनॉलसारखी फिनॉल द्रव्येही विद्युतअग्रावर ऑक्सिडीकृत होऊन आपली वीज त्यात मिसळतात. ती वेगळी काढली नाही तर आकडा खोटा येतो. म्हणून सेन्सरवर संशयास्पद ठरलेला नमुना प्रयोगशाळेत पाठवावाच लागतो. नेमके कोणते कीटकनाशक आणि किती, हे क्रोमॅटोग्राफी व मास स्पेक्ट्रोमेट्रीनेच ठरते.