घरात कॅमेरा बसवताय? आधी एवढं पाहा

मुलगा आखातात, अम्मी-अब्बा गावी. आपल्याकडे अशा बऱ्याच घरांत आता वायफाय कॅमेरा दिसतो. सोय चांगलीच आहे. पण नीट बसवला नाही, तर घरातल्या बायकांचा पडदा परक्याच्या मोबाईलवर उघडा पडू शकतो.

कॅमेरा जोडला जात नसेल तर आधी वायफायचा बँड पाहा. बहुतेक स्वस्त कॅमेरे, बल्ब, प्लग फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात, 5 वर नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये 2.4 ला वेगळं नाव देऊन त्यावर जोडा. घरातल्या वायफायचा पासवर्ड बदलला की कॅमेरा ‘ऑफलाइन’ दाखवतो. तो बिघडलेला नसतो, जुनाच पासवर्ड वापरत असतो. रिसेटचं बटण काही सेकंद दाबून नव्याने जोडा.

खरी काळजी पुढे. बसवायला आलेल्या माणसाच्या मोबाईलवर खातं उघडू देऊ नका; आपल्याच नंबरवर उघडा. कंपनीने दिलेला पासवर्ड असेल तर लगेच बदला. ॲपमध्ये दोन टप्प्यांची पडताळणी असेल तर ती सुरू करा. भावंडांना पाहायचं असेल तर पासवर्ड न सांगता ॲपमधून ‘शेअर’ करा. ती परवानगी नंतर काढता येते. कॅमेरा विकताना किंवा कुणाला देताना आधी आपल्या खात्यातून काढा.

आणि कॅमेऱ्याचं तोंड आपल्या दारापुरतंच ठेवा, शेजाऱ्याच्या खिडकीकडे नको. इजाजतीशिवाय दुसऱ्याच्या घरात शिरू नये, ही सूरह नूरची शिकवण. कॅमेऱ्याची नजरही त्यात आली, असं आम्हाला वाटतं.